दोन डॉक्टर बघतात

“जगताप मॅडम, हा आकडा फ्रेम करून भिंतीवर लावला पाहिजे,” सामंत साहेब म्हणाले.

“साहेब, मला ह्याच आकड्याची भीती वाटतेय,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेला माणूस. आकडा इतका चांगला आलाय आणि ही बाई कपाळाला आठ्या घालून बसलीय, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना.

गोष्ट दोन हजार सालच्या आसपासची. वसईत एका ट्रस्टने मॅमोग्राफी सेंटर काढलं होतं आणि सामंत साहेब त्याचे चेअरमन होते. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. काहीही त्रास नसलेल्या बायकांची तपासणी करायची, म्हणजे कॅन्सर असलाच तर गाठ हाताला लागायच्या आधी फिल्मवर दिसेल. ह्याला स्क्रीनिंग म्हणतात. मी मुंबईत एका सरकारी संशोधन संस्थेत बायोस्टॅटिस्टिशियन होते. म्हणजे डॉक्टरांनी काढलेले निष्कर्ष तपासून त्यांच्यावर किती विसंबायचं ते सांगणारी. ह्या कामामुळे माणूस कुणाचा लाडका होत नाही. राहायला वसईत होते, म्हणून शनिवारी सेंटरवर फुकट जायची. माझी स्वतःची फिल्मही तिथेच निघाली होती.

सेंटरच्या दारात एक बोर्ड होता. ‘प्रत्येक फिल्म दोन डॉक्टर स्वतंत्रपणे बघतात.’ आमची सगळी पत त्या एका वाक्यावर उभी होती. भुईगावच्या सिसिलिया बाई तर ते वाक्य घेऊन घरोघर फिरायच्या. बाई तिथल्या शाळेत शिक्षिका. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेले, त्यामुळे बाईंनी सांगितलं की बायका निमूट यायच्या. भुईगाव झालं, मग वटार झालं. स्वतःच्या धाकट्या जावेला, रोझीला, तर त्यांनी अक्षरशः हाताला धरून आणलं होतं. रोझीची मोगऱ्याची वाडी होती. धडधाकट बाईने दवाखान्यात कशाला जायचं, असं तिचं म्हणणं. रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा तिने तो घरातल्या अल्तारावर, क्रुसाच्या मागे ठेवून दिला. हे मला बाईंनीच हसत हसत सांगितलं होतं.

आता तो आकडा. त्याला कप्पा म्हणतात. समजा शंभर बायका तपासल्या, तर त्यातल्या बहुतेक ठणठणीतच असतात. मग दोन माणसांनी डोळे मिटून जवळजवळ प्रत्येक फिल्मला ‘नॉर्मल’ म्हटलं, तरी त्यांचं भरपूर एकमत होईल. त्या एकमताला काडीची किंमत नाही. कप्पा हे असलं फुकटचं एकमत वजा करतो आणि खरं किती उरलं ते सांगतो. पूर्ण एकमत असेल तर एक, नुसता योगायोग असेल तर शून्य. आमच्या दोन डॉक्टरांचा कप्पा एकाला जवळजवळ चिकटला होता.

आणि तिथेच मला शंका आली. मॅमोग्राम वाचणं म्हणजे थर्मामीटर वाचणं नव्हे. तरुण बाईच्या फिल्मवर सगळंच पांढुरकं दिसतं आणि कॅन्सरही पांढराच दिसतो. चांगले, प्रामाणिक डॉक्टर तिथे वेगवेगळं बोलतात. दोन परीक्षकांनी निबंधांचा अख्खा गठ्ठा तपासला आणि प्रत्येकाला तेवढेच मार्क दिले, तर हेडमास्तर आधी काय विचारतील? मला तेच विचारायचं होतं.

मी थेट डॉक्टर कर्णिकांकडे गेले. हे आमचे पहिले रीडर, म्हणजे फिल्म आधी वाचणारे; दुसरी डॉक्टर शिल्पा. वय साठीच्या पुढे, हात स्वच्छ, शर्टला कडक इस्त्री. सगळं सेंटर त्यांना ‘सर’ म्हणायचं.

“सर, तुमचं आणि डॉक्टर शिल्पाचं एवढं कसं जमतं?”

“शिल्पा माझी विद्यार्थिनी आहे,” सर म्हणाले. “तिला फिल्म बघायला मी शिकवलं. मी बघतो तेच ती बघणार. त्यात नवल काय?”

“ती तुमचा रिपोर्ट आधी बघते का?”

“माझा रिपोर्ट बंद लखोट्यात ऑफिसला जातो. तुम्ही काय चोरी पकडायला आलात का?”

खरंच लखोटा बंद असायचा. मी ऑफिसात विचारून खात्री केली. नको तिथे नाक खुपसते म्हणून ऑफिसनेही मला दोन शब्द ऐकवले.

पुढच्या शनिवारी मी परवानगी काढून रीडिंग रूममध्ये जाऊन बसले. अंधारी खोली. भिंतीवर व्ह्यू बॉक्स, म्हणजे मागून उजेड येणारा पांढरा काचेचा फळा, त्यावर फिल्म टांगायच्या. सकाळी सर बसले. पाकिटातून फिल्म काढायची, टांगायची, भिंग फिरवायचं, रिपोर्ट लिहायचा, फिल्म परत पाकिटात. कुठे काही खोट नव्हती. फक्त एखादी फिल्म संशयास्पद वाटली, म्हणजे बाईला परत बोलवायची असली, की सर ते खाकी पाकीट ठेवताना त्याचा वरचा कोपरा आत दुमडायचे. बोटाने एक दाब द्यायचे आणि पुढचं पाकीट घ्यायचे.

टेक्निशियन संध्याला मी विचारलं, “हे कशासाठी?”

“ते माझ्यासाठी, मॅडम. गठ्ठ्यातून पटकन काढता यावं म्हणून. बाईला लगेच निरोप धाडता येतो. सर पहिल्यापासून करतात.”

चांगली सोय होती. कुणाच्या तरी भल्यासाठीच केलेली.

दुपारी तोच गठ्ठा डॉक्टर शिल्पासमोर आला. तिशीची मुलगी, हुशार, कामाला वाघीण. मी मागे स्टुलावर बसून तिचे हात बघत होते. सरळ कोपऱ्याचं पाकीट आलं की फिल्म वर, नजर इकडून तिकडे, फिल्म खाली. दुमडलेला कोपरा आला की ती खुर्ची पुढे ओढायची आणि भिंग घ्यायची. दरवेळी. असं बराच वेळ चाललं. शेवटी मला राहवलं नाही.

“शिल्पा, तू पाकिटाचा कोपरा बघतेस का गं?”

“कुठला कोपरा, मॅडम?”

ती खरंच विचारत होती. मग तिने हातातल्या पाकिटाकडे बघितलं. तिचा अंगठा त्या दुमडीवरच होता. तिने अंगठा उचलला, पाकीट खाली ठेवलं आणि पाण्याची बाटली शोधायला लागली. बाटली समोरच होती. तिने लबाडी केली असती तर मी तिला फाडून खाल्लं असतं. पण तिला ठाऊकच नव्हतं. सरांचा कोपरा सरळ असला की तिचा हात आपोआप पुढे जायचा.

म्हणजे लखोटा बंद होता आणि रिपोर्ट उघड्यावर पडला होता. आमच्या सेंटरवर दोन डॉक्टर नव्हतेच. एकच होता.

त्या संध्याकाळी मी बाहेर पडले तर सिसिलिया बाई वटारच्या बायकांना घेऊन रिक्षासाठी उभ्या होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग त्या सहज म्हणाल्या, “आमच्या रोझीचं काहीतरी नवीनच. डाव्या बाजूला गाठ लागते म्हणते. दोन-तीन महिने झाले, तेच लावून धरलंय.”

“मग दाखवलं का?”

“अहो, इथे वर्षापूर्वी तर झालं ना सगळं. मी तिला म्हटलं, दोन डॉक्टरांनी बघितलंय, नॉर्मल आहे, कागद आहे घरात. उगाच मनाचे खेळ नकोत.”

मी म्हटलं, “बाई, तिला उद्याच्या उद्या सर्जनकडे न्या.”

“का? कागदात चूक आहे?”

“मला माहीत नाही. पण गाठ हाताला लागत असेल तर कागद बघायचा नसतो.”

“मग तुमच्या कागदाचा उपयोग काय, मॅडम?”

त्या भांडत नव्हत्या. वर्गात एखाद्या मुलाला विचारावं तसं विचारत होत्या. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. रोझी नाही म्हणते. उपासकाळ चालू आहे, वाडीत मोगरा फुटलाय, ईस्टर होऊ दे मग बघू. आणि शेवटी तिचं एक वाक्य, बाईंचंच त्यांना परत केलेलं: दोन डॉक्टरांनी बघितलंय ना?

मी सरांना गाठीचं विचारलं. कोण, कुठली ते सांगितलं नाही. सर ताडकन म्हणाले, “गाठ लागत असेल तर फिल्मचं सोडा, आधी सर्जनला दाखवा. नॉर्मल फिल्मवर कधी विसंबायचं नाही. हे कुठलाही रेडिऑलॉजिस्ट सांगेल.”

अगदी बरोबर होतं. फक्त हे आमच्या बोर्डावर लिहिलेलं नव्हतं.

मी सामंत साहेबांसमोर जाऊन बसले. “साहेब, जुन्या फिल्म पुन्हा वाचायच्या. नावं झाकायची, नवी कोरी पाकिटं घ्यायची, क्रम उलटापालटा करायचा. त्याच फिल्म दोघांना, पण वेगवेगळ्या दिवशी, वेगळा गठ्ठा लावून. काही फिल्म पाकीट बदलून त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यायच्या, म्हणजे माणसाचं स्वतःशी तरी जमतं का ते कळेल.”

“माहितीपत्रक छापायला गेलंय, मॅडम. देणगीदारांना तो कप्पा का काय तो कळवलाय. आणि सरांची परीक्षा घ्यायची? ते उद्या राजीनामा देतील. वसईत दुसरा रेडिऑलॉजिस्ट आणू कुठून?”

“तर मग त्या आकड्याखाली माझी सही मिळणार नाही.”

साहेब पेपरवेट फिरवत राहिले. माणूस वाईट नव्हता. त्यांची बायको ह्याच रोगाने गेली होती. त्यासाठीच तर त्यांनी हे सेंटर काढलं होतं. त्यामुळे तर ते मला जास्त कठीण गेलं.

“तुम्हीच विचारा सरांना,” शेवटी ते म्हणाले, आणि हात वर केले.

सर आधी संतापले. मी कोपऱ्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावरचं एक पाकीट उचलून त्याचा कोपरा सरळ केला. मग म्हणाले, “घ्या परीक्षा. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे.”

चिठ्ठ्या टाकून मी फिल्म निवडल्या. आपल्या मर्जीने निवडल्या की गणित वाकडं होतं. रोझीची फिल्म चिठ्ठीत आली नाही. मग मी ती वेगळी आत घातली, पण हिशेबाबाहेर. म्हणजे ती वाचली जाईल, मात्र कप्प्याच्या हिशेबात मोजली जाणार नाही. असला नियम मी मोडत नाही, आणि त्या दिवशी रोझीला विसरणंही जमत नव्हतं.

सरांनी दोन दिवस घेतले. पाकिटं कोरी, नाव नाही, गाव नाही, कोपरा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बाहेर आले तेव्हा दमलेले दिसले. शिल्पाला त्याहून जास्त वेळ लागला. ती म्हणाली, “मॅडम, आता प्रत्येक फिल्म बघावी लागते हो.” आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिने मान फिरवली.

कप्पा घरंगळला. इतका खाली गेला की मी पुन्हा पुन्हा मांडणी तपासली. मला वाटलं, माझंच काही चुकलंय. नव्हतं चुकलं. शिल्पा ज्यांना ‘परत बोलवा’ म्हणत होती, त्यातल्या बऱ्याच सरांना नॉर्मल दिसत होत्या, आणि उलटही. त्याहून वाईट म्हणजे सरांचं सरांशीच जमत नव्हतं. गठ्ठ्यात दोनदा आलेल्या काही फिल्मना त्यांनी एकदा नॉर्मल आणि एकदा ‘परत बोलवा’ लिहिलं होतं. ते डॉक्टर वाईट होते म्हणून नव्हे. दाट पांढऱ्या फिल्म अशाच असतात. म्हणूनच तर दुसरा माणूस लागतो, आणि तो खरंच दुसरा असावा लागतो.

एका फिल्मवर मात्र दोघांचं एकमत झालं. वेगळ्या दिवशी, वेगळ्या गठ्ठ्यात, एकमेकांचं काहीही न बघता दोघांनी लिहिलं होतं, डावा स्तन, परत बोलवा, लवकर. ती मी हिशेबाबाहेर घातलेली फिल्म होती.

“ही कोणाची?” सरांनी विचारलं.

“भुईगावच्या रोझीची. गाठीचं विचारलं होतं ना मी, तीच.”

“पहिल्यांदा कोणी वाचली होती?”

“तुम्ही, सर.”

त्यांनी फिल्म पुन्हा टांगली. भिंग घेतलं नाही. लांबूनच बघत राहिले. मग म्हणाले, “शिल्पाने तेव्हा काय लिहिलं होतं?”

“तुम्ही लिहिलं तेच.”

आम्ही तिथूनच निघालो. म्हणजे मी आणि शिल्पा. सर येतो म्हणाले होते, पण रिक्षात बसले नाहीत. भुईगावच्या गल्लीत रिक्षा आत जाईना, तेव्हा उतरून चालत गेलो. रोझी ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. उंच, काटक बाई, हात भराभर चाललेले. सिसिलिया बाई शेजारच्याच घरातून आल्या. शिल्पाने दोघींना सगळं सांगितलं. रोझीने हात थांबवले नाहीत. त्यांच्या बोलीत ती जावेला काहीतरी म्हणाली.

“काय म्हणते?” मी विचारलं.

बाईंनी ओट्यावर पडलेली एक कळी उचलली. “म्हणते, मग मी खोटं बोलत नव्हते.”

ईस्टरची वाट बघितली नाही. त्याच आठवड्यात तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. कॅन्सर काखेत उतरला होता. स्तन काढला, औषधं दिली, केस गेले. मध्ये काही महिने ती बरी दिसली, वाडीत कामही करायला लागली. मग पाठ दुखायला लागली. तो कॅन्सर मणक्यात गेला होता. पुढच्या ईस्टरला ती होती. त्याच्या पुढच्याला नव्हती. वर्षभर आधी कळलं असतं तर वाचली असती का, असं मला पुष्कळ जणांनी विचारलं. कदाचित वाचली असती. एका माणसाबद्दल कदाचितच्या पुढे माझं शास्त्र जात नाही. त्याचा मला तेव्हा मनस्वी राग आला होता, अजूनही येतो.

सेंटरवर पुढे सगळं सुधारलं. दोन खोल्या, दोन कोरे गठ्ठे, वेगळा क्रम. जुन्या सगळ्या फिल्म पुन्हा वाचल्या. आणखी काही बायकांना परत बोलावलं. त्यातल्या बहुतेकींना काही निघालं नाही, पण निरोप मिळाल्यापासून तपासणी होईपर्यंत त्यांच्या घरात चूल धड पेटली नसेल. सरांनी राजीनामा दिला नाही. ते काम करत राहिले, पण शिकवणं त्यांनी बंद केलं. शिल्पाने एखादी शंका विचारली की म्हणायचे, “मला विचारू नकोस. तुला काय दिसतं ते लिही.” नवा कप्पा मी सही करून दिला. तो कुठल्याही माहितीपत्रकात छापला गेला नाही. जुनं माहितीपत्रक तोपर्यंत वाटून झालं होतं.

पण सुधारलेलं सेंटर बघायला बायकाच येईनात. सिसिलिया बाईंनी फिरणं थांबवलं होतं. त्यांनी कुणाला जाऊ नका म्हटलं नाही. त्या जा म्हणेनाशा झाल्या, आणि तेवढं पुरलं. दोनेक वर्षांत मशीन दुसरीकडे गेलं. सामंत साहेबांनी बोर्ड स्वतः उतरवून घेतला.

रोझीच्या महिन्याच्या मिस्साला, म्हणजे ती जाऊन महिना झाला तेव्हाच्या चर्चमधल्या प्रार्थनेला, मी गेले होते. चर्चमधून घरी आल्यावर बायका आत चहाला लागल्या. सिसिलिया बाई ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसल्या. वाडीतला मोगरा कुणी तोडला नव्हता, झाडावरच तांबूस पडला होता.

“मॅडम, एक खरं सांगा. त्या पहिल्या वेळी दोघांनी बघितलं होतं का?”

मला तिथे खोटं बोलायचं होतं. कुणाचं काय बिघडणार होतं? पण त्या शिक्षिका होत्या, त्यांनी ओळखलं असतं.

“नाही, बाई. एकाने फिल्म बघितली. दुसरीने त्या एकाचं बघितलं.”

त्यांनी मान हलवली. आत कुणीतरी कप विसळत होतं.

“म्हणजे मीही तेच केलं,” त्या म्हणाल्या. “ती मला हात धरून गाठ दाखवत होती. मी कागद बघत होते.”

त्या उठून आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. चहात साखर नव्हती. दोघींनी तो तसाच प्यायला.

त्यानंतर मी बरीच वर्षं नोकरी केली. कुठल्याही मीटिंगमध्ये, कुठल्याही कागदावर सगळ्यांचं एकमत झालेलं दिसलं की मी आधी एवढंच विचारायची, ह्यातल्या किती जणांनी स्वतः बघितलं? लोकांना ते आवडायचं नाही. बहुतेक वेळा उत्तर असायचं, एकानेच.